तीस वर्षांचा समुद्र, तीन वर्षांचा पैसा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची सार्डिनची मासेमारी १९४०च्या दशकात कोसळली. ती का कोसळली हे शोधायला १९४९पासून तिथे ठरलेल्या रेषांवरच्या ठरलेल्या ठिकाणी जहाजे जाऊ लागली. दर ठिकाणी थांबायचे, वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान आणि क्षारता मोजायची, जाळे ओढून प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, गोळा करायचे आणि पुढे जायचे. ‘कॅलकोफी’ नावाने ओळखला जाणारा हा कार्यक्रम आजही चालू आहे. मात्र मधल्या काळात फेऱ्या कमी झाल्या आणि सविस्तर पाहणी दर तीन वर्षांनी एकदा होऊ लागली. १९७५मध्ये जहाजे गेली, त्यानंतर १९७८मध्ये. याच मधल्या फटीत, १९७६-७७च्या हिवाळ्यात, उत्तर प्रशांत महासागराची घडी मोडून नवी बसली. वारे बदलले, पाण्याचे तापमान बदलले, कोणते मासे वाढणार आणि कोणते घटणार हेही बदलले. ज्या प्रकारचा बदल पकडायला हा सगळा खटाटोप मांडला होता, तो बदल पहारेकरी घरी असताना होऊन गेला.

किनारी समुद्रावर दीर्घकाळ नजर ठेवण्याचा कार्यक्रम उभारायचा म्हटले की चर्चा लगेच बोयांवर, सेन्सरवर आणि उपग्रहांवर जाते. यंत्रे विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. घोडे पेंड खाते ते दुसऱ्याच ठिकाणी. असे कार्यक्रम संशोधन-प्रकल्प म्हणून तीन किंवा पाच वर्षांसाठी मंजूर होतात आणि त्यांच्याकडून अपेक्षा मात्र तीस-चाळीस वर्षांच्या उत्तराची असते. आमचे म्हणणे असे, की जनगणना किंवा हवामान-नोंदी ज्या खात्यावर चालतात त्याच खात्यावर, म्हणजे कायमच्या सार्वजनिक खर्चातून, ही नोंद चालली पाहिजे. पण हा पैसा बिनशर्त देऊ नये. मोजमाप सारखे राहील, पद्धत बदलली तर जुन्या-नव्याचा सांधा जुळेल आणि नमुने फेकले जाणार नाहीत, एवढे बांधून घेतल्याशिवाय कायमचा निधी म्हणजे आकड्यांचा कायमचा ढिगारा.

इतकी वर्षे लागतातच कशाला? खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, वर्षाला साधारण ०.००२ने घसरतो आहे. बोयावर बसवलेला बऱ्यापैकी सेन्सर ०.०२पर्यंत खात्रीचा असतो. म्हणजे दहा वर्षांची घसरण एका सेन्सरच्या चुकीत बसते. महासागराच्या आम्लीकरणावर काम करणाऱ्या जागतिक जाळ्याने म्हणूनच दोन वेगळ्या पायऱ्या ठरवल्या: रोजचे चढउतार पाहायचे तर ०.०२ची अनिश्चितता चालेल, दीर्घकालीन कल पाहायचा तर ०.००३च्या आत आले पाहिजे. किनाऱ्यावर प्रकरण आणखी अवघड होते. समुद्री गवताच्या कुरणात दिवसा प्रकाशसंश्लेषणाने सामू चढतो आणि रात्री श्वसनाने उतरतो. हा एका दिवसातला झोका अनेक वर्षांच्या घसरणीपेक्षा मोठा असतो. उपग्रहांनी टिपलेल्या क्लोरोफिलचा २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला एक हिशेब सांगतो, की हवामानबदलाची खूण नैसर्गिक चढउतारातून वेगळी काढायला सुमारे चाळीस वर्षांची सलग नोंद लागते. तीन वर्षांच्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल यातले काहीच सांगू शकत नाही. तरी तो लिहावा लागतोच, आणि त्यात एखादी तिरकी रेषा ‘कल’ म्हणून काढली जातेच.

आखणीत सर्वाधिक फसगत होते ती वेळेची. चंद्राची मुख्य भरती १२ तास २५ मिनिटांनी येते. समजा, दर चौदा दिवसांनी सकाळी दहाला होडी काढायची असे ठरले. नियमितपणा झाला, कागदावर छान दिसते. पण चौदा दिवसांत भरतीची सत्तावीस चक्रे होऊन थोडा भाग उरतो, सुमारे एका चक्राचा विसावा हिस्सा. त्यामुळे प्रत्येक फेरीला होडी भरतीच्या किंचित वेगळ्या टप्प्यावर पोहोचते आणि साधारण नऊ महिन्यांनी पुन्हा मूळ टप्प्यावर येते. खाडीच्या तोंडाशी भरतीला समुद्राचे खारे पाणी असते आणि ओहोटीला आतले गोडसर. म्हणजे नोंदींत नऊ महिन्यांचा एक डौलदार चढउतार उमटतो. तो समुद्रात कुठेच नसतो, वेळापत्रकात असतो. त्यात ऋतुचक्र मिसळले की दोन्ही वेगळे करणे कठीण. उलट टोकाची चूकही होते. उथळ तोंडातून होडी फक्त भरतीलाच निघते म्हणून सगळे नमुने भरतीचेच येतात, आणि खाडी कागदावर आहे त्याहून खारट आणि स्वच्छ ठरते. तिसरी चूक हवेची. वादळी दिवशी कोणी जात नाही, जाऊही नये. पण मग पाणी ढवळले जाते तेव्हाचे नमुनेच नसतात.

उपाय महागडा नाही. धक्क्यावर किंवा एका बोयावर दर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान, क्षारता आणि पाण्याची पातळी नोंदवणारे साधे यंत्र लावावे, आणि होडीच्या फेऱ्या घड्याळाऐवजी भरतीच्या टप्प्याला बांधाव्यात. प्रत्येक ठिकाणी भरतीनंतर अमुक तासांनी, उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, दोन्हींत. बाटलीतला नमुना चित्रपटातल्या एका चौकटीसारखा असतो, ती चौकट कुठली हे धक्क्यावरचे यंत्र सांगते. धक्क्याला कमी लेखू नये. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या धक्क्यावर १९१६पासून रोज पाण्याचे तापमान हाताने मोजले जाते. प्रशांत किनाऱ्यावरच्या सर्वांत लांब नोंदींत तिची गणना होते, आणि तिच्यासाठी जहाज लागत नाही.

ठिकाणे किती असावीत? पहिल्या आराखड्यात चाळीस असतात. त्यातली सहा-सात निवडावीत आणि उरलेल्यांवर पाणी सोडावे. नदीच्या प्रभावाखालचे एक, उघड्या समुद्राकडचे एक, मधली उतरंड दाखवणारी दोन-तीन, तळाशी ऑक्सिजन घटण्याची शक्यता असलेले एक खोलगट ठिकाण, माणसाच्या हस्तक्षेपापासून शक्य तितके दूरचे एक. मोजण्याच्या गोष्टींतही तोच संयम हवा. तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट-फॉस्फेट-सिलिकेट, क्लोरोफिल, प्लवक, पाण्याची पातळी आणि जमेल तिथे पाण्यातल्या कार्बनच्या रसायनाची दोन मापे. ही यादी कंटाळवाणी आहे, आणि तशीच असलेली बरी. दर वर्षी एक नवे आकर्षक मापन जोडले गेले की जुन्यापैकी एखादे गुपचूप गळते.

यंत्र पाण्यात गेल्यावर काय होते ते सविस्तर सांगायला हवे, कारण अंदाजपत्रके इथेच खोटी ठरतात. सेन्सरवर काही दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नॅकल हे चिकटून बसणारे कवचधारी जीव. क्षारता मोजणाऱ्या यंत्रात पाणी एका अरुंद नळीतून जाते आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली जाते. नळीच्या आत थर बसला की तिचा व्यास घटतो, वाहकता कमी दिसते आणि म्हणून क्षारताही कमी दिसते. आलेखावर हे हुबेहूब नदीचे पाणी वाढल्यासारखे भासते. मग कोणीतरी जाऊन यंत्र घासतो आणि आकडा एकदम वर उडी मारतो. महिनोन्महिन्यांचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसू लागला तर समुद्राकडे बघू नका, नळीकडे बघा. ऑक्सिजनच्या सेन्सरवर थर बसला की त्या थरातले जीवच रात्री ऑक्सिजन खातात, आणि पाणी गुदमरल्याची खोटी बातमी येते. प्रकाशावर चालणारा ऑक्सिजन-सेन्सर तर कपाटात पडून असतानाही सरकतो आणि कमी दाखवू लागतो. म्हणून कारखान्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून तो पाण्यात सोडू नये. क्लोरोफिलचा सेन्सर खरे तर क्लोरोफिल मोजतच नाही, त्याची चमक मोजतो. भर उन्हात वनस्पती-प्लवक ही चमक स्वतःच दाबतात, त्यामुळे दुपारी क्लोरोफिल घटल्यासारखे दिसते. तुलनेसाठी रात्रीचे आकडे घ्यावेत.

तांब्याची जाळी आणि पुसणारा ब्रश यांनी हा त्रास पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. उबदार आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात दोन ते चार आठवड्यांनी जावेच लागते. आणि गेल्यावर एक क्रम पाळायचा: आधी मोजा, मग घासा. घाणेरड्या यंत्राशेजारी स्वच्छ, नुकतेच तपासलेले दुसरे यंत्र सोडून दोघांचा आकडा घ्यायचा, बाटलीत नमुना घ्यायचा, मग सफाई, मग पुन्हा दोघांचा आकडा. या दोन जोड्यांच्या फरकातून थरामुळे किती सरकले आणि यंत्र मुळातच किती सरकले हे वेगळे काढता येते. घाईत आधी ब्रश फिरवला की मागच्या महिन्याची नोंद दुरुस्त करण्याचा एकमेव मार्ग धुऊन गेला. यावरून यंत्रांचे किमान तीन संच लागतात हेही उघड होते. एक पाण्यात, एक कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून जुळवायला, गेलेला, एक हाताशी. मंजुरीत बहुधा एकच असतो.

बोया हरवतो तेव्हा दोष वादळाला दिला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार लहान असतो. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधलेली नसते आणि लाटांच्या हेलकाव्यांनी ती आपसूक उलगडते. किंवा साखळीचा तळाला टेकणारा भाग वाळूवर घासून झिजतो. किंवा स्टेनलेस आणि साधे पोलाद एकमेकांना भिडवलेले असते आणि खाऱ्या पाण्यात त्यांची विद्युतघट बनून साधे पोलाद खाल्ले जाते. जस्ताचे ठोकळे लावून ते वेळेवर बदलले तर हे टळते. जाळ्यात अडकून बोया ओढला जाणे हे मात्र आखणीच्या आधी मच्छीमारांशी न बोलल्याचे फळ असते.

बाटलीतले नमुने जुन्या पद्धतीचे आहेत, आणि म्हणूनच ते कार्यक्रमाचा कणा आहेत. विंकलरने १८८८मध्ये सांगितलेली ऑक्सिजन मोजण्याची रासायनिक पद्धत आजही सेन्सर तपासायला वापरतात. नमुना घेणाऱ्या मोठ्या बाटलीतून सर्वांत आधी ऑक्सिजनचा नमुना काढायचा, नळी छोट्या बाटलीच्या तळापर्यंत नेऊन, दोन-तीन बाटल्या भरतील इतके पाणी वरून वाहू देऊन. एक बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो. त्यानंतर कार्बनचा नमुना. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीत वर एक टक्का जागा ठेवून मर्क्युरिक क्लोराइडचे संपृक्त द्रावण ०.०२ टक्के, म्हणजे शंभर मायक्रोलिटर, टाकून जीवक्रिया थांबवायची. हे विष आहे, त्यामुळे उरलेल्या पाण्याच्या विल्हेवाटीचा खर्चही आधीच धरायचा. पोषकद्रव्यांचे नमुने गोठवताना सिलिकेटची काळजी घ्यायची, कारण गोठल्यावर त्याच्या साखळ्या बनतात आणि पुरेसा वेळ वितळू दिले नाही तर मोजणी कमी येते. दहातला एक नमुना दुहेरी घ्यावा. तो वाचवण्याचा मोह ज्या दिवशी होतो त्या दिवसापासून आपली चूक किती हे आपल्याला कळेनासे होते.

आता सगळ्यांत मोठा धोका, पद्धत बदलण्याचा. १९४५च्या ऑगस्टनंतर जगाच्या समुद्रपृष्ठाचे सरासरी तापमान एकदम सुमारे ०.३ अंशांनी उतरल्यासारखे नोंदींत दिसते. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती इंजिनात शिरणाऱ्या पाण्याचे तापमान मोजत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या, आणि ती बादलीने पाणी वर ओढून मोजत. उघड्या बादलीतले पाणी वाऱ्यावर थंड होते. समुद्र होता तसाच होता, बादली बदलली होती. हा उलगडा व्हायला २००८ उजाडावे लागले. कॅलकोफीत १९६९मध्ये रेशमी जाळीऐवजी नायलॉनची जाळी आली, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका कड्याच्या जाळ्याऐवजी जोडकड्यांचे. प्रत्येक वेळी जुने आणि नवे किती वेगळे पकडतात हे हिशेबात धरावे लागले. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटाजवळ १९६२पासून कामाच्या दिवशी रोज पाणी तपासले जाते. तिथल्या वनस्पती-प्लवकांच्या नोंदींत मोजणारी माणसे बदलली तशा जातींच्या नोंदीही बदललेल्या आढळल्या, आणि दशकांची छाननी करावी लागली. सूक्ष्मदर्शकाखालचा डोळा हेही एक यंत्रच आहे, त्याचेही कॅलिब्रेशन लागते.

म्हणून नियम कडक असावा. कोणतेही यंत्र, जाळी, रसायन, प्रयोगशाळा किंवा मोजणारी व्यक्ती बदलायची तर जुने आणि नवे किमान एक पूर्ण वर्ष शेजारीशेजारी चालवायचे, म्हणजे सगळे ऋतू दोघांनीही पाहिलेले असतील. या दुहेरी वर्षाचा खर्च मंजूर नसेल तर बदल करायचाच नाही, नवे यंत्र कितीही चांगले असो. निवृत्तीची तारीख कित्येक वर्षे आधी माहीत असते. तरीही प्लवक ओळखणारा माणूस गेल्यावरच त्याची जागा भरण्याची जाहिरात निघते.

यंत्रे आणि माणसे बदलूनही एक गोष्ट मागे जाऊन पुन्हा तपासता येते, ती म्हणजे बरण्या. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत १९५१पासून प्राणी-प्लवकांचे आकारमान ऐंशी टक्क्यांनी घटले, असे १९९५मध्ये जाहीर झाले आणि खळबळ उडाली. पुढे जपून ठेवलेल्या बरण्या उघडून जातीनिहाय मोजणी झाली, तेव्हा घट मुख्यतः साल्पसारख्या पाणचट, जेलीसदृश प्राण्यांची असल्याचे दिसले. त्यांचे आकारमान मोठे असते, पण शरीरात कार्बन अगदी कमी. एकूण कार्बनच्या हिशेबात तशी दीर्घ घट नव्हती. आकडे तेवढे ठेवून बरण्या टाकून दिल्या असत्या तर चुकीचा अर्थ कायमचा छापला गेला असता. दुसरे उदाहरण उत्तर अटलांटिकचे. १९३१पासून मालवाहू जहाजांच्या मागे ओढल्या जाणाऱ्या प्लवक-नोंदणी यंत्रात रेशमाच्या पट्टीवर प्लवक अडकतात. या पट्ट्या जपल्या होत्या म्हणून २००४मध्ये त्यांतले प्लॅस्टिकचे तंतू मोजता आले आणि १९६०च्या दशकापासून ते वाढत गेल्याचे दिसले. पट्ट्या गुंडाळून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात प्लॅस्टिकचा विचारही नव्हता. बरण्यांसाठी लागते ते साधेच. बोरॅक्स घालून आम्लता मारलेले फॉर्मॅलिन, झाकणांची वार्षिक तपासणी, उडालेला द्रव भरणे, आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या आत. बाहेरची चिठ्ठी गळून पडते. फॉर्मॅलिन डीएनए खराब करते, त्यामुळे एक छोटा हिस्सा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा.

यावर पहिला आक्षेप असा, की उपग्रह आहेत, संगणकीय प्रारूपे आहेत, मग होड्या कशाला? किनाऱ्याजवळ गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा रंग उपग्रहाला क्लोरोफिलसारखाच दिसतो. ढगांखाली तो आंधळा असतो आणि तळाच्या ऑक्सिजनबद्दल त्याला काहीच कळत नाही. प्रारूपांना तर खरे-खोटे ठरवायला पाण्यातलेच आकडे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देखरेख ही कृती टाळण्याची सबब बनते, ‘अभ्यास चालू आहे’ हे वाक्य वीस वर्षे पुरते. हे खरे आहे, आणि त्यावर उतारा आखणीतच घालावा लागतो. तळाचा ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की कोणाला, किती तासांत कळवायचे आणि त्यांनी काय करायचे हे मोजणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७च्या सुमारास कालवांची पिल्ले वाढवणाऱ्या केंद्रांत अळ्या मोठ्या प्रमाणात मरू लागल्या. कारण निघाले खोलातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी. पाण्याचे रसायन सतत मोजायला लागल्यावर टाक्यांत पाणी कधी घ्यायचे आणि त्यात सोडियम कार्बोनेट कधी मिसळायचे हे ठरवता आले. इथे मोजणी आणि निर्णय यांच्यात एका हाताचे अंतर होते.

पैशाच्या बाबतीत प्रामाणिकपणा असा, की मोठा खर्च पुन्हा पुन्हा येणारा असतो: माणसे, होडी, कॅलिब्रेशन, सुटे भाग. उष्णकटिबंधीय प्रशांत महासागरातल्या एल निन्यो-नोंदीच्या बोयांना वर्षाकाठी देखभाल लागते. त्यांची देखभाल करणारे जहाज २०१२मध्ये निवृत्त केले गेले आणि दोन वर्षांत आकडे परत येण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरले. बोये कोणी रद्द केले नव्हते. इंग्लिश खाडीतल्या ‘ई-१’ या ठिकाणाची १९०३पासूनची नोंद १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात थांबली आणि २००२मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या भोकाला ठिगळ लावता येत नाही. हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावरची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जगप्रसिद्ध नोंदसुद्धा १९६४मध्ये अंदाजपत्रकातल्या कपातीमुळे काही महिने तुटली होती.

तरीही कोणताच कार्यक्रम अमर नसतो, आणि काही ठिकाणे बंद करावी लागतात. ते कसे करायचे याचे कलम पहिल्याच करारात असावे. दर दहा वर्षांनी बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी व्हावी. शेजारच्या ठिकाणावरून ज्याचे आकडे जवळजवळ तसेच सांगता येतात ते ठिकाण आधी जावे, सर्वांत जुने शेवटी. बंद करण्याची सूचना एक वर्ष आधी मिळावी आणि त्या वर्षात फेऱ्या कमी न करता उलट यंत्रांची शेवटची कॅलिब्रेशन पूर्ण करून घ्यावीत, म्हणजे उद्या कोणी पुन्हा सुरू केले तर त्याला जोडायला टोक सापडेल. कच्चे आकडे, संशयास्पद ठरवलेले आकडेही, न पुसता खुणेसह खुल्या भांडारात जावेत. नोंदवह्यांच्या प्रती दोन ठिकाणी राहाव्यात. आणि बरण्या कोणत्या संग्रहालयाच्या कोणत्या खोलीत जाणार, त्या खोलीचे भाडे कोण भरणार, हे नावानिशी लिहिलेले असावे.